परत येणाऱ्या वस्तूंची टोपली

४, मंगळवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोलवत नसेल तर लिहा. काय लिहू म्हटलं, तर म्हणाल्या, जे झालं ते. तर आज सकाळी अंडी उकडली. त्यातलं एक भांड्यातच फुटलं. मुली जेवल्या. मीही जेवलो असणार, कारण माझं ताट घासलेलं होतं.

ही गेली. ताप आला, हॉस्पिटलात नेलं, आठवड्याच्या आत संपलं. लोक येऊन सांगतात, तुम्ही फार धीराने घेतलंत. धीर कसला डोंबलाचा. मला काही वाटतच नाहीये. दात काढताना हिरडीला भूल देतात ना, तशी कोणीतरी सगळ्या अंगाला दिली आहे. चिमटा काढला तर कळतो, पण दुसऱ्याला काढल्यासारखा.

रजा अजून शिल्लक आहे. त्यानंतर अर्धी पाळी करू देतील, असं साहेब म्हणाले.

५, बुधवार

मुली शाळेत जात नाहीत, घरी शिकतात. ते खातं हिचं होतं. माझं खातं लिफ्ट दुरुस्तीचं. आता दोन्ही माझ्या गळ्यात.

खरं तर ही शिकवायची असं म्हणताच येणार नाही. घरात एकच नियम होता: मुलींनी काही विचारलं की उत्तर द्यायचं नाही. 'तुला काय वाटतं?' असं विचारायचं आणि 'करून बघ' म्हणायचं. मग त्या करून बघायच्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तराजू, मोजपात्रं, पोट फाडलेला मिक्सर, खिडकीत ओल्या कापसावर मोड आलेले दाणे. कप ठेवायला जागा मिळेल तर शपथ. एकदा बारकीने विचारलं, लाकूड पाण्यावर का तरंगतं, आणि मी शहाणा पटकन सांगून मोकळा झालो. ही माझ्याशी जेवण होईपर्यंत बोलली नाही. म्हणाली, तू तिचा एक अख्खा दिवस खाल्लास.

मोठीला आम्ही ताई म्हणतो, ती बारा वर्षांची. धाकटी बारकी, सहाची. ताई रडून घेते, मोरीत नळ सोडून. बारकी अजिबात रडलेली नाही. माझ्यावर गेली असेल.

७, शुक्रवार

आज पाव केला. म्हणजे मुलींनी केला, मी उभा होतो. कोमट पाण्यात यीस्ट, चमचाभर साखर, फेस येईपर्यंत थांबायचं. बारकीने एक गोळा खिडकीत ठेवला आणि एक फ्रीजमध्ये, कुठला आधी फुगतो बघायला. मीठ घालायचं कोणाच्याच लक्षात आलं नाही. तिघांनीही तसाच खाल्ला.

पीठ फुगायची वाट बघताना बारकीने विचारलं, "बाबा, आई कधी येणार?"

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "तुला काय वाटतं?"

ती विचारात पडली. मग मान हलवून निघून गेली. मुलं म्हणे असं विचारतात, माहीत असूनसुद्धा. हिला हॉस्पिटलात नेलं तेव्हा बारकीला मावशीकडे ठेवली होती, आणि सगळं उरकल्यावरच परत आणली. मावशीने तिला जवळ घेऊन नीट सांगितलं असणार. मावशी म्हणजे हिची मोठी बहीण, असल्या बाबतीत पक्की. आमच्याकडे येणारेजाणारे बारकी दिसली की लगेच हवापाण्यावर बोलायला लागतात. ते एक बरं आहे.

१०, सोमवार

बारकीने नवीन काम काढलं आहे. माझ्याकडून दोन टोपल्या मागून घेतल्या, ताईकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या. एका टोपलीवर 'परत येतं', दुसरीवर 'परत येत नाही'. प्रत्येक वस्तूची परीक्षा घेऊन मग ती टाकायची.

पहिल्या टोपलीत चेंडू (वर फेकला, आला), कापलेली नखं (बोटाला परत आली), पडलेला दात (जागेवर नवा डोकावतोय). दुसरीत जळकी काडी, फुटलेला फुगा, अंड्याचं टरफल. फुग्याला तिने आधी चिकटपट्टी लावून दोनदा फुगवून बघितलं. उगाच निकाल देत नाही.

ही असती तर खूश झाली असती. मी छान म्हटलं. मला ते छान आहे हे कळलं, एवढंच.

११, मंगळवार

बर्फावरून दोघींचं वाजलं. बारकीने बर्फाचा खडा वाटीत वितळवला, तेच पाणी परत गोठवलं आणि म्हणाली, आला परत. ताई म्हणाली, हा तो नाहीच, दुसरा आहे. बारकी म्हणाली, पाणी तेच, वाटी तीच, मग दुसरा कसा? ताई म्हणाली, आकार बघ. बारकी म्हणाली, आकार बदलला म्हणून माणूस बदलतो का, तू नाही का लांब झालीस?

माझ्याकडे न्याय मागायला आल्या. मी म्हटलं, करून बघा. दोघी म्हणाल्या, केलंय की. ही इथे काय म्हणाली असती ते कितीतरी वेळ आठवत बसलो.

१३, गुरुवार

कपडे धुतले. पांढऱ्यांत लाल मोजा गेला. आता सगळे गुलाबी आहोत.

१५, शनिवार

मावशी येऊन गेल्या. घरभर फिरल्या. सिंक, फ्रीज, मुलींची नखं, सगळं बघितलं. मग माझ्यासमोर बसल्या.

"भाऊजी, राग मानू नका. तुम्ही घरात आहात पण तुम्ही नाही आहात."

मी म्हटलं, "खरंय."

"ताई मोठी आहे, ती तुम्हाला सोडणार नाही. पण बारकीला मी नेते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी शाळा आहे. चार मुलांत बसेल, हसेल, खेळेल. ती रडत नाही, तुमच्या लक्षात आलंय का? मला ते बरं दिसत नाही."

"बघू."

"बघू नका, ठरवा. महिनाअखेरीला येते, तेव्हा तिची बॅग भरलेली हवी. नाहीतर मला सांगा, तुम्ही तिचं काय करणार आहात ते."

त्या गेल्यावर मी खूप वेळ तराजूचं पारडं वरखाली करत बसलो. ही म्हणायची, मुलींना शाळेत घालायचं की नाही हे मुली ठरवतील, तू नाही आणि मीही नाही. मग मला ठरवायचं काय राहिलं? पण ही हेही म्हणाली असती की मुलीला हातातून जाऊ देणारा बाप कसला बाप. आता हिला विचारता येत नाही. दोन्ही बाजूंनी मीच बोलतोय.

१७, सोमवार

बारकीला विचारलं, मावशीकडे राहायला जाशील का, तिथे शाळा आहे.

"जाईन," म्हणाली. लगेच. श्वाससुद्धा घेतला नाही.

"मला सोडून?"

"तू पण ये. पण मला जायलाच हवं."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटेल म्हणून थांबलो. मग भांडी घासली.

१८, मंगळवार

पहिली अर्धी पाळी. दुपारीच एका इमारतीत फोन. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये, आत एक चांगला दंड फुगवलेला इसम, आणि तो हमसून रडतोय. त्याचा आवाज मशीनरूमपर्यंत येत होता.

या कामात पहिलं शिकवतात ते हत्यारांचं नाही, बोलण्याचं. माणूस अडकला की आधी त्याला काय झालंय ते सांगायचं. बाहेर काढता येईल तेव्हा येईल. मी वरून ओरडून सांगत राहिलो: वीज गेली होती, ब्रेक लागलाय, डबा पडणार नाही, मी आता चाक हाताने फिरवतोय, जरा हिसका बसेल. तो गप्प झाला. बाहेर आल्यावर म्हणाला, तुम्ही बोललात म्हणून वाचलो, नाहीतर कोणी काही सांगेना आणि डोक्यात नाही नाही ते यायला लागलं होतं. वीस वर्षं मी हेच बघतोय. कळलं की माणूस सोसतो, न कळल्याने वेडापिसा होतो.

घरी आलो तर हिची एक चप्पल पुन्हा दोन टोपल्यांच्या मधोमध. मी ती रोज रॅकमध्ये ठेवतो, बारकी रोज काढते. धड या टोपलीत टाकत नाही, धड त्या. रागावलो तिला. म्हटलं, वस्तू जागच्या जागी ठेवायला शिक. ती म्हणाली, तिची जागाच ठरत नाहीये.

२१, शुक्रवार

बारकीची बॅग आत्तापासून दाराशी. रोज सकाळी त्यातूनच कपडे काढते, घालते, धुतले की पुन्हा भरते. ताई तिच्याशी बोलत नाही. ताईला विचारलं, काय बिनसलं? म्हणाली, "तिला इथून जायचंय म्हणून नाचतेय ती. तिला काहीच कसं वाटत नाही?"

"लहान आहे."

"तू पण लहान आहेस का?"

इथे करून बघ म्हणायची सोय नव्हती.

२३, रविवार

तिघांनी मिळून नळाचा वायसर बदलला. पाणी बंद करायचा कॉक ताईने शोधला, पाना मी धरला, जुना वायसर बारकीने काढला. पंधरा मिनिटांचं काम, दुपार गेली. तरी नळ गळतोच आहे, थोडा कमी. आज मला पाना हातात गार लागला, हे लिहून ठेवतो. बऱ्याच दिवसांत काही गार लागलं नव्हतं.

बारकी मधेच म्हणाली, "मावशीची खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे ना?"

"हो."

"मग बरंय. कोण आलं ते दिसतं."

२६, बुधवार

बारकीशिवायचं घर कसं असेल, असा विचार करून बघितला. टेबलावर कप ठेवायला जागा होईल. एवढंच आलं डोक्यात. स्वतःचीच शिसारी आली थोडी.

मावशींना फोन केला. म्हटलं, या, घेऊन जा. ती स्वतःहून तयार आहे, तिलाच जायचंय, आणि आमच्याकडे मुलींचं ऐकायची पद्धत आहे. त्या म्हणाल्या, रविवारी सकाळी येते.

३०, रविवार

आज झालं ते लिहायचं आहे. जमेल तसं लिहितो.

मावशी आल्या. चहा केला. बारकी बूट घालून कधीचीच तयार. मी म्हटलं, तिकडे गारठा असतो, स्वेटर वरच ठेवतो, आणि बॅग उघडली. आत मोज्यांत गुंडाळलेला हिचा चष्मा.

मी विचारलं, "हा कशाला?"

"आईला लागेल ना. त्याच्याशिवाय तिला वाचता येत नाही."

मी नुसता बघत राहिलो. बारकीला वाटलं मला समजलं नाही. ती मला समजावून सांगायला लागली, मी वितळणाऱ्या बर्फाचं विचारल्यासारखं.

"आई मला मावशीकडे सोडून गेली तेव्हा म्हणाली होती, इथून हलायचं नाही, मी न्यायला येते. तिने तिथलं सांगितलं होतं, बाबा. पण तुम्हीच मला लवकर घेऊन आलात. आता ती तिथे येऊन बघून जात असेल आणि मी तिथे नाहीच. म्हणून मला जायला हवं."

मावशींनी कप खाली ठेवला. माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाल्या, "तुम्ही तिला सांगितलं नाहीत?"

मी म्हटलं, "मला वाटलं तुम्ही."

"अहो, तुम्ही बाप. मला वाटलं तुम्ही."

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "मला वाटलं तुम्ही दोघांनी."

एवढ्या मोठ्या तिघांनी मिळून एका सहा वर्षांच्या पोरीला महिनाभर दाराशी बसवलं होतं. मी खाली फरशीवर बसलो, तिच्या बुटांसमोर.

ती म्हणाली, "काय झालं?"

"तुला काय..." असं माझ्या तोंडून निघायला लागलं. मी थांबलो. मग सांगितलं. म्हटलं, "बारके, आई येणार नाही. मावशीकडे नाही आणि इथेही नाही. आई मेली. हॉस्पिटलातच मेली. तू मावशीकडे होतीस तेव्हा."

ती रडली नाही. तिने आईकडून शिकलेलं केलं. नुसतं सांगितलेलं ती कशाला मानेल? तिने विचारलं, "तुला कसं माहीत?"

"मी तिथे होतो."

"तू बघितलंस?"

"हो."

"काय बघितलंस?"

मावशी म्हणाल्या, "पुरे ग, बाळा." मी त्यांना हातानेच थांबवलं. मी सांगायला लागलो. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, डॉक्टरीणबाईंनाही नाही. म्हटलं, "तिचा हात माझ्या हातात होता. श्वास जड झाला होता. मग दोन श्वासांच्या मधे फार वेळ जायला लागला. मग पुढचा आलाच नाही."

"तू थांबलास?"

"थांबलो. खूप वेळ."

"मग नंतर पण नाही आला?"

"नाही. हात गार पडायला लागला. मी चोळला. परत ऊब आली नाही."

ती सगळं नीट ऐकत होती. कपाळाला बारीक आठी, जशी तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत असते. मग तिने विचारलं, "हाक मारलीस?"

"मारली."

"मोठ्याने?"

मी नाही म्हटलं. खोटं बोलता आलं असतं, पण नाही म्हटलं. "हळू मारली. वॉर्डात बाकीचे पेशंट होते."

बारकी म्हणाली, "मग तू मोठ्याने मारायला हवी होतीस."

तिथे माझी भूल उतरली. मी कसा रडलो ते लिहिता येणार नाही. आवाज माझाच आहे हे कळायला वेळ लागला. ताई धावत येऊन पाठीला बिलगली. बारकी आधी घाबरून बघत राहिली, आणि मग तिने माझ्या तोंडाकडे बघतच तोंड वेडंवाकडं केलं आणि तिलाही रडू फुटलं. तिच्या अंगातून इतकं मोठं रडणं येईल असं वाटलं नव्हतं. मावशींनी तिचे बूट काढले. नाड्या ओल्या झाल्या होत्या, गाठ सुटेना, तर दातांनी सोडवली.

दुपारी मावशी एकट्याच गेल्या. जाताना म्हणाल्या, "भाऊजी, आता मी न्यायचं म्हणणार नाही. पण मी दर रविवारी येणार, आणि तुम्ही दार उघडायचं." मी हो म्हटलं.

१, सोमवार

पहाट संपता संपता बारकी माझ्या अंथरुणात आली. डोळे सुजून बारीक झालेले. थोडा वेळ छताकडे बघत पडली.

"बाबा, आई आज येणार नाही ना?"

"नाही."

"उद्या?"

"उद्याही नाही."

तिने परवाचं विचारलं. मी तेही सांगितलं.